विमान पुढे गेले की मोटार?



विज्ञानाने विमानाला जास्त पुढे नेले की मोटारीला? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले विमानाचेच नाव घेतात. पण उत्तर इतके सोपे नाही.

१९०३ साली राइट बंधूंचे विमान पहिल्या उड्डाणात केवळ १२ सेकंद हवेत राहिले. १९५८ साली बोइंग ७०७ हे जेट विमान प्रवाशांना घेऊन ताशी ९०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ लागले. आज आपल्या प्लेझान्सच्या विमानतळावर उतरणारे एअरबस ए३५० त्याहून वेगाने जात नाही! १९७६ साली ध्वनीच्या दुप्पट वेगाचे कॉन्कॉर्ड प्रवाशांच्या सेवेत आले. पण ते इंधन फार खाई, आवाज प्रचंड करी आणि तिकीट सामान्यांना परवडत नसे. २००३ साली ते बंद झाले.

मग प्रगती झाली कुठे? ती झाली एंजिनात. ७०७ला चार एंजिने होती, ए३५०ला दोनच पुरतात. दोन एंजिनांच्या विमानाने विमानतळापासून फार दूर जाऊ नये, असा पूर्वी नियम होता. एंजिने भरवशाची झाली तशी १९८५ पासून ही मर्यादा वाढत गेली. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या आपल्या बेटाला याचा मोठा लाभ झाला. एप्रिल १९८८ मध्ये एअर मॉरिशसचे दोन एंजिनांचे बोइंग ७६७ कॅनडातील हॅलिफॅक्सहून कोठेही न थांबता थेट मॉरिशसला आले. अंतर होते सुमारे १४,००० किलोमीटर. अशा विमानांसाठी तो त्या वेळी विक्रम ठरला.

आता मोटारीकडे पाहू. १९४८ साली आलेल्या मॉरिस मायनरला चार चाके होती, आजच्या मोटारीलाही चारच आहेत. फरक आत आहे. सकाळी चोक ओढून गाडी सुरू करण्याची कसरत गेली. इंधन किती सोडायचे हे आता संगणक ठरवतो. १९५९ साली व्होल्वो कंपनीने तीन ठिकाणी बांधलेला पट्टा गाडीत बसवला आणि इतर कंपन्यांनाही तो वापरू दिला. १९७८ साली जोराच्या ब्रेकने चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आली, तर १९९७ साली पेट्रोल व वीज दोन्हींवर चालणारी टोयोटा प्रियस जपानमध्ये विक्रीस आली.

तरीही एक मोठा फरक उरतोच. विमानाला अपघात झाला की काळी पेटी शोधतात, कारण काढतात आणि ते जगाला कळवतात. त्या धड्यातूनच विमान सुरक्षित झाले. रस्त्यावर अपघात झाला की आपण हळहळतो आणि दुसऱ्या दिवशी तशीच गाडी हाकतो. विमानात सांगण्याची खोटी, की आपण मुकाट्याने पट्टा बांधतो. मावशीकडे जाताना मात्र मागच्या सीटवरची मुले मोकळीच असतात.

यंत्र कितीही शहाणे झाले तरी पट्टा बांधायचा हात आपलाच असतो. पुढच्या रविवारी निघण्याआधी मागे वळून एकदा पाहा.