लाल बुटांची किंमत कुणी वाढवली?

डॅलसच्या लिलावाची बातमी एव्हाना सगळ्यांच्या वाचनात आली असेल. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९च्या सिनेमात ज्युडी गारलंडने घातलेला लाल चमचमत्या बुटांचा एक जोड ७ डिसेंबर २०२४ला २ कोटी ८० लाख डॉलरला गेला. लिलावगृहाचं कमिशन धरलं तर ३ कोटी २५ लाख, म्हणजे तेव्हाच्या दराने आपले साधारण पावणेतीनशे कोटी रुपये. गारलंडच्या जन्मगावच्या संग्रहालयातून २००५मध्ये झालेली चोरी, खरी माणकं समजून बूट उचलणारा आणि नंतर काच निघाली म्हणून हबकलेला चोर, २०१८मध्ये ‘एफबीआय’ने लावलेला छडा हे सगळं छापून आलं. बूट परत गावात आणता यावेत म्हणून मिनेसोटा राज्याने त्या संग्रहालयाला १ लाख डॉलर दिले होते आणि लिलावाची सुरुवातच १५ लाखांच्या पुढून झाली, हेही आलं. बहुतेक बातम्यांत एक नाव मात्र नव्हतं, आणि ते असायलाच हवं होतं. केंट वॉर्नर.

१९६९ साली ‘एमजीएम’ स्टुडिओ नव्या मालकाच्या हाती गेला, आणि या मालकाला रस होता जमिनीत. जुने कपडे, फर्निचर, तलवारी, गाड्या, सगळं १९७०मध्ये लिलावात काढलं गेलं. सिनेमांच्या संगीताच्या स्वरलिप्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे भराव घालायला गेले. कपड्यांचा डोंगर उपसायला जी माणसं लावली होती त्यांत वॉर्नर हा तरुण कपडेपट सांभाळणारा होता. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, धुळीत, त्याला या बुटांचे एकाहून अधिक जोड सापडले. एक त्याने स्टुडिओच्या हवाली केला. तो १५ हजार डॉलरला विकला गेला आणि १९७९पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. सर्वांत चांगला जोड त्याने स्वतःकडे ठेवला. तो आज लॉस एंजलिसला ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहालयात आहे. आणखी एक जोड त्याने एका संग्राहकाला २ हजार डॉलरला दिला. तोच पुढे चोरीला गेला, सापडला आणि २०२४मध्ये पावणेतीनशे कोटींना विकला गेला.

स्टुडिओच्या लेखी जे भंगार होतं ते वॉर्नरने वर्षानुवर्षं वाचवलं. कधी परवानगीने, कधी परवानगीशिवाय. तो समलिंगी होता. १९८४ साली एड्सने गेला. हे दोन्ही तपशील मी मुद्दाम सांगतो आहे, कारण जुन्या हॉलिवूडचं जे काही आज आपल्याला पाहायला मिळतं त्याच्या जपणुकीमागे अशी माणसं वारंवार भेटतात आणि त्यांना श्रेय क्वचितच मिळतं. जुन्या सिनेमांची हौस या एका शब्दात त्यांचं काम गुंडाळलं जातं. ती हौस नव्हती.

मग या सिनेमात त्यांना काय दिसत होतं? कॅन्ससच्या मातकट, रंगहीन शेतावरची डोरोथी वादळात उडते आणि दार उघडते ते थेट रंगांच्या मुलखात. फ्रँक बॉमच्या १९००च्या पुस्तकात तिचे बूट चांदीचे होते. टेक्निकलर पडद्यावर उठून दिसावेत म्हणून ते लाल झाले. वाटेत तिला भेटतात ते सगळे काही ना काही उणं घेऊन वावरणारे. कुणाला मेंदू नाही, कुणाला हृदय नाही, आणि सिंह असून एक जण भित्रा. त्यांना ती सुधारायला जात नाही, सोबत घेते. ज्या मुलाला आपल्या गावात आपल्यासारखं दुसरं कुणीच दिसत नव्हतं, त्याला ही गोष्ट कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. शिवाय ३ नोव्हेंबर १९५६ला ‘सीबीएस’ने हा सिनेमा टीव्हीवर दाखवला आणि पुढे दरवर्षी तो लागू लागला. देशभरची मुलं एकाच संध्याकाळी, आपापल्या घरी, तीच डोरोथी पाहत होती. बहुतेकांकडे टीव्ही काळा-पांढरा, त्यामुळे तो रंगांचा मुलूख त्यांना मनातच रंगवावा लागत होता.

पुढे ‘डोरोथीचा मित्र’ हा समलिंगी पुरुषांमधला परवलीचा शब्द झाला. अनोळखी माणसाला तेवढं विचारलं की पुरे. ज्याला कळायचं त्याला कळतं, बाकीच्यांना त्यात वावगं काही दिसत नाही. पत्रकार रँडी शिल्ट्सने १९९३च्या पुस्तकात अमेरिकी नौदलाची एक हकिगत नोंदवली आहे. १९८०च्या दशकात शिकागो भागात नौदलाचे तपास अधिकारी समलिंगी खलाशी हुडकून काढत होते. हे सगळे कुणा डोरोथीचे मित्र आहेत असं कानावर आल्यावर त्यांनी त्या बाईचा शोध सुरू केला. ती सापडली तर सगळी नावं मिळतील असा त्यांचा हिशेब होता. ऐकताना हसू येतं, पण त्या शोधमोहिमेत ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्यासाठी तो परवलीचा शब्द म्हणजे चिलखत होतं.

या सगळ्या विषयात एकच माणूस समजून घ्यायचा असेल तर तो व्हिटो रुसो. न्यूयॉर्कचा, १९४६चा जन्म, सिनेमाचा विद्यार्थी आणि तिथल्या आधुनिक कला संग्रहालयाच्या चित्रपट विभागात नोकरीला. १९६९मध्ये पोलिसी छाप्यावरून स्टोनवॉल बारपाशी झालेल्या दंगलीनंतर तो ‘गे अ‍ॅक्टिव्हिस्ट्स अलायन्स’ या संघटनेत आला. या संघटनेने १९७१मध्ये वूस्टर स्ट्रीटवरचं एक जुनं अग्निशमन केंद्र भाड्याने घेतलं होतं. तिथे सभा व्हायच्या, नाच व्हायचे आणि रुसो सिनेमे दाखवायचा.

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. मला ती अनेक मोर्चांहून मोठी वाटते. तोवर या प्रेक्षकांनी हेच सिनेमे एकेकट्याने पाहिले होते. घरच्यांच्या शेजारी बसून किंवा थिएटरच्या अंधारात, आपण चुकीच्या जागी हसलो तर ओळखले जाऊ अशी धास्ती घेऊन. ‘ऑल अबाउट इव्ह’मधली चाळिशीतली नटी, आपली जागा एक तरुण मुलगी बळकावते आहे हे दिसत असताना जिभेच्या धारेवर उभी राहणारी बेटी डेव्हिस, ‘द विमेन’मधला एकही पुरुष नसलेला तो धमाल पट, ‘व्हॉट एव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?’मध्ये एकमेकींना जगू न देणाऱ्या जोन क्रॉफर्ड आणि बेटी डेव्हिस. यांचे संवाद ज्याला त्याला पाठ होते, फक्त ते आणखी कुणाला पाठ आहेत हे माहीत नव्हतं. शंभर माणसं एकाच जागी हसली की त्यातल्या प्रत्येकाला आपल्याबद्दल काहीतरी नवं कळतं. रुसोला हे पक्कं ठाऊक होतं. सिनेमा त्याच्यासाठी चळवळीतला विरंगुळा नव्हता, चळवळीचं कामच होतं.

त्याच सुमारास तो जुन्या सिनेमांचे तुकडे घेऊन विद्यापीठांत आणि महोत्सवांत व्याख्यानं देत फिरू लागला. त्यातून १९८१मध्ये ‘द सेल्युलॉइड क्लॉझेट’ हे पुस्तक आलं. १९३०मध्ये लिहिलेली आणि १९३४पासून जोसेफ ब्रीनने कडक अमलात आणलेली हॉलिवूडची आचारसंहिता समलिंगी संबंधांचा नुसता सूचक उल्लेखही चालू देत नव्हती. ‘क्रॉसफायर’ या १९४७च्या सिनेमाचं उदाहरण रुसोच्या बाजूने फार बोलकं आहे. मूळ कादंबरीत खून होतो तो समलिंगी माणसाचा. पडद्यावर तो माणूस ज्यू झाला. सिनेमा द्वेषाविरुद्धचा म्हणून गाजला, पण ज्याचा द्वेष झाला होता तोच त्यातून नाहीसा झाला.

तरी माणसं पूर्ण पुसली जात नाहीत. ‘रेबेका’तली मिसेस डॅनव्हर्स मेलेल्या मालकिणीचा फरकोट ज्या तऱ्हेने हाताळते, ‘द मॉल्टीज फाल्कन’मध्ये जोएल कैरोच्या भेटपत्राला जो गार्डिनियाचा वास येतो, तेवढ्यावर या प्रेक्षकांनी अख्खी पात्रं उभी केली. १९६१मध्ये नियम सैल झाला, पात्रं उघड दिसू लागली आणि मरू लागली. ‘द चिल्ड्रन्स अवर’मध्ये शर्ली मॅक्लेनची शिक्षिका आपलं मैत्रिणीवर प्रेम आहे हे कबूल करते आणि गळफास घेते. अशा मृत्यूंची यादीच रुसोने पुस्तकाच्या शेवटी दिली. पात्र, सिनेमा, मरण कशाने आलं. टीकेची शंभर पानं जे करत नाहीत ते ही यादी करते. ती वाचताना आपल्याकडचा ‘उंबरठा’ आठवल्याशिवाय राहत नाही. जब्बार पटेल आणि स्मिता पाटील यांच्या या मोठ्या सिनेमात आश्रमातल्या दोन बायकांच्या नात्याचा प्रसंग येतो. चौकट ओलांडणाऱ्या बाईच्या त्या गोष्टीतही त्या दोघींच्या वाट्याला समजूत फारशी येत नाही. त्या दोघींच्या बाजूने तो प्रसंग पुन्हा एकदा पाहावा.

रुसोचं मोठेपण मला यात दिसतं की त्याने हे सिनेमे सोडले नाहीत. आपल्याला मारून टाकणाऱ्या पडद्यावर त्याचं जिवापाड प्रेम होतं आणि राग तितकाच खरा होता. १९९०मध्ये एड्सने तो गेला, पुस्तकावरचा माहितीपट त्याच्यानंतर १९९५मध्ये आला.

आता गारलंडबद्दल. समलिंगी पुरुषांना ती का आवडते याचं जे उत्तर वारंवार दिलं जातं ते मला मान्य नाही. ती दुःखी, गोळ्यांच्या आहारी गेलेली, लग्नं मोडलेली, तेही दुःखी. म्हणून नातं जुळलं, असं ते उत्तर. १९६७मध्ये ‘टाइम’ने तिच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यक्रमावर लिहिताना प्रेक्षकांत समलिंगींची संख्या किती जास्त आहे याचाच चेष्टेने उल्लेख केला आणि मानसोपचारतज्ज्ञांची मतं जोडली. जणू टाळ्या वाजवणं हाही आजार. २३ एप्रिल १९६१च्या कार्नेगी हॉलच्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण ऐका. त्यात रडगाणं नाही. एक बाई ओळी विसरते, हसते, घाम पुसते आणि पुढच्या गाण्यात सभागृह उचलून धरते. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड डायरने १९८६मध्ये हेच नेमकं मांडलं होतं. पडूनही पुन्हा उभं राहण्याची तिची ताकद या लोकांना जवळची वाटली, आणि साधीसुधी दिसणारी ही मुलगी चारचौघींच्या साच्यात कधीच बसली नाही, हेही.

तिच्या अंत्यदर्शनाच्या दिवशी, २७ जून १९६९ला, हजारो लोकांनी रांगा लावल्या आणि त्याच मध्यरात्रीनंतर स्टोनवॉल बारवर पोलिसांचा छापा पडून दंगल झाली. या दोन घटनांची सांगड इतकी घातली जाते की ती इतिहास वाटू लागली आहे. माझा तिच्यावर विश्वास नाही. रस्त्यावर लढलेल्यांत बेघर मुलं होती, ट्रान्स स्त्रिया होत्या, कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन तरुण होते. गारलंड ही त्यांच्या आधीच्या पिढीची देवता. पोलिसांचा वर्षानुवर्षांचा जाच हे कारण पुरेसं असताना त्यांच्या संतापाला नटीच्या शोकाची फोडणी देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

गारलंडचं सर्वांत मोठं काम ‘ऑझ’मध्ये नाहीच. ते १९५४च्या ‘अ स्टार इज बॉर्न’मध्ये आहे. दिग्दर्शक जॉर्ज क्युकोर. ‘ऑझ’च्या वेळी हाच माणूस काही दिवस सल्ल्याला आला होता आणि ज्युडीच्या डोक्यावरचा सोनेरी टोप आणि चेहऱ्यावरची रंगरंगोटी त्याने काढायला लावली होती. क्युकोर समलिंगी आहे हे हॉलिवूडला माहीत होतं, छापून कधी येत नव्हतं. त्याचा हा सिनेमा १८१ मिनिटांचा होता. गौरवाने सुरू झाला, पण दिवसाला खेळ जास्त बसावेत म्हणून वॉर्नर ब्रदर्सने त्यातली जवळपास अर्ध्या तासाची फिल्म कापली. क्युकोर तेव्हा ‘भवानी जंक्शन’ची स्थळं पाहायला भारतात आला होता. परत गेला तेव्हा उरला होता १५४ मिनिटांचा सिनेमा.

रोनाल्ड हेव्हर या लॉस एंजलिसच्या चित्रपट अभ्यासकाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे हरवलेले तुकडे शोधायला घेतले. गोदामं, डब्यांवरची चुकीची लेबलं, यादीत नसलेली रिळं. पूर्ण ध्वनिपट्टी मिळाली, दोन गाणी मिळाली, काही दृश्यं मिळालीच नाहीत. तिथे त्याने चित्रीकरणाच्या वेळचे स्थिर फोटो लावले आणि त्यांवर मूळ आवाज ठेवला. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायरांनी जुनी रिळं गोळा करत गावोगावी हिंडून जे केलं त्याच जातीचं हे काम. पहिल्या बोलपटाचं, ‘आलम आरा’चं, एकही रीळ न उरलेल्या देशातल्या वाचकाला त्याचं मोल सांगायला नको. क्युकोर ही नवी प्रत पाहणार होता त्याच्या आदल्या संध्याकाळी, २४ जानेवारी १९८३ला, वारला. जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ती दाखवली गेली. हेव्हरही १९९३मध्ये एड्सने गेला.

लाल बूट कोट्यवधींना विकले गेले तेव्हा वॉर्नर, रुसो आणि हेव्हर या तिघांची नावं त्या बातमीत नसावीत याचा मला राग आहे. बूट आता कुणाच्या कपाटात जातील ते जावोत. ‘अ स्टार इज बॉर्न’ पाहायचा असेल तर १७६ मिनिटांची प्रत शोधा. मध्येच चित्र थांबतं, फोटो सरकू लागतात आणि गारलंडचा आवाज सुरूच राहतो; तो भाग पुढे ढकलू नका, हेव्हर तेवढ्यासाठीच गोदामांत शिरला होता.