दोनशे रुपयांचा जिमखाना

पनवेलच्या महाविद्यालयांत प्रवेशाची रांग लागते तेव्हा पावतीवरची ‘जिमखाना’ ही ओळ क्वचितच कुणी वाचतं. कॉलेजच्या खेळांवर सरकारचा ताबा किती आणि पैसा किती, याविषयी छातीठोकपणे जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं ती ओळ वाचली असती तर बोललं गेलं नसतं.

सर्वांत चिवट गैरसमज असा, की कॉलेज अनुदानित आहे म्हणजे खेळाचा खर्च सरकारच करतं. वस्तुस्थिती अशी, की अनुदान मुख्यतः मंजूर पदांच्या पगारासाठी असतं. क्रीडा संचालकाचं पद मंजूर आणि भरलेलं असेल, तर त्याचा पगार त्यातून निघतो. या पदासाठी यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी तर हवीच, शिवाय क्षमता चाचणीही द्यावी लागते. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने 12 मिनिटांत 1,800 मीटर अंतर कापायचं. संचालक धावू शकतो याची खात्री सरकारने करून घेतली. त्याच्या हातात चेंडू कुठून येणार, ते मात्र कॉलेजवर सोडलं.

चेंडू, जाळी, गणवेश, एसटी-लोकलचं भाडं, खेळाडूंचा जेवणभत्ता या सगळ्याला मोठा आधार जिमखाना शुल्काचाच. मुंबई विद्यापीठाच्या पारंपरिक पदवी अभ्यासक्रमांच्या शुल्क तक्त्यात ही रक्कम वर्षानुवर्षे 200 रुपये राहिली. विद्यापीठाच्या क्रीडा आणि सांस्कृतिक उपक्रमांसाठी वेगळे 30. समजा, कॉलेजात 3,000 विद्यार्थी आहेत. मग वर्षाचे जमतात 6 लाख. त्यात कबड्डी, खो-खो, क्रिकेट, व्हॉलीबॉल, अ‍ॅथलेटिक्स, बुद्धिबळ. बहुतेक खेळांत मुलांचा संघ वेगळा, मुलींचा वेगळा. रायगड जिल्हा कबड्डीचा. पण मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि गावाकडून आलेली पोरं मातीत घडलेली असतात. मॅट घ्यायची म्हटली की बाकीच्या खेळांच्या पैशाला कात्री लागते.

‘मग फी वाढवा!’ हे सांगणं सोपं आहे. अनुदानित अभ्यासक्रमांचं शुल्क कॉलेजला मनाने वाढवता येत नाही. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांवर 2015 च्या राज्य कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण बसवलं आहे. गरीब घरच्या मुलासाठी ही मर्यादा योग्यच आहे, असं मला वाटतं. पण फीला वेसण घालणाऱ्याने खेळाच्या खर्चाची सोयही लावायला हवी होती.

दुसरा गैरसमज ताजा आहे: केंद्राचा नवा क्रीडा कायदा आला, आता कॉलेजचे खेळ दिल्लीहून चालणार. 2025 चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मुख्यतः ऑलिंपिक समिती आणि राष्ट्रीय क्रीडा महासंघांसाठी आहे. राज्यघटनेत खेळ हा राज्यसूचीतला विषय. खांदा कॉलनीतलं चांगू काना ठाकूर महाविद्यालय असो की रयत शिक्षण संस्थेचं महात्मा फुले महाविद्यालय, दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. म्हणून त्यांना लागू होतो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016. आंतरविद्यापीठ स्पर्धांची पात्रता ठरवतो भारतीय विद्यापीठ संघ, आणि तो सरकारी खातं नव्हे, विद्यापीठांची नोंदणीकृत संस्था आहे.

अमेरिकेचा दाखलाही हमखास निघतो: तिथली विद्यापीठं खेळावर गब्बर झाली, आपल्याला का जमत नाही? 6 जून 2025 रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीमुळे तिथली विद्यापीठं पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देऊ शकतात, हे खरं. पण हा पैसा मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांचा. बहुतेक क्रीडा विभागांचा ताळेबंद तिथेही जुळत नाही, आणि अनेक ठिकाणी खड्डा भरायला विद्यार्थ्यांचं शुल्कच वापरलं जातं. आपल्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला तर तिकीटही नसतं.

शेवटी, घरोघरी ऐकू येणारं ‘खेळलास की 25 मार्क आणि सरकारी नोकरी’. ते वाढीव गुण दहावी-बारावीचे. पदवीला विद्यापीठाचे स्वतःचे नियम. नोकरीतलं 5 टक्के आरक्षण खरं आहे, पण कोणत्या स्पर्धेतली कोणती कामगिरी कोणत्या गटातल्या पदाला चालते, हे शासन निर्णयात ठरलेलं आहे. शिवाय प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीस आल्यापासून ती काटेकोर झाली आहे, तेव्हा अर्ज भरण्याआधीच उरकलेली बरी.