वजन घटविण्याची शस्त्रक्रिया आणि रक्ताची गुठळी

११ फेब्रुवारी २०१७ रोजी इजिप्तची इमान अहमद ही सुमारे ५०० किलो वजनाची महिला उपचारांसाठी मुंबईत आली. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात डॉ. मुफज्जल लकडावाला यांनी ७ मार्च रोजी तिच्या जठराचा मोठा भाग काढून टाकणारी शस्त्रक्रिया केली. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या अशा रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांना मोठी धास्ती असते ती रक्ताच्या गुठळीची. आज अशा शस्त्रक्रिया अंधेरी, मुलुंडसारख्या उपनगरांतही होतात. म्हणून हा विषय आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

शिरेत गुठळी होण्यास तीन गोष्टी कारणीभूत ठरतात : रक्ताचा मंदावलेला प्रवाह, रक्तवाहिनीला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती. लठ्ठ व्यक्तीच्या पोटाचा दाब पायांतील शिरांवर पडून रक्त सावकाश वर चढते. शिवाय चरबीतून 'पीएआय-१' हे प्रथिन जास्त तयार होते व ते झालेली गुठळी सहज विरघळू देत नाही. पायातील गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर प्राणावर बेतते.

मग शस्त्रक्रियेने हा धोका वाढतो की कमी होतो? उत्तर असे की, आधी वाढतो व नंतर कमी होतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे जोखमीचे असतात. वजन उतरले की पीएआय-१ घटते, चालणे-फिरणे वाढते आणि धोकाही ओसरतो.

लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, पुष्कळ गुठळ्या रुग्ण घरी परतल्यावर होतात. म्हणून खरी जबाबदारी घरच्यांवर येते. 'आता पडून राहा' असे मायेने सांगू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णाला रोज चालवावे. घोट घोट पाणी देत राहावे. रक्त पातळ ठेवणारी हेपॅरिनची इंजेक्शने सांगितली असल्यास ती मध्येच बंद करू नयेत. घरात कोणाला पूर्वी गुठळी झाली असेल किंवा रुग्ण स्त्री गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर ते डॉक्टरांना शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वेळेवर ओळखलेल्या गुठळीवर उपचार आहेत. दुर्लक्ष मात्र जिवावर बेतू शकते.