काळं की जांभळं?

हर्नियाच्या कडीत आतड्याचा वेढा अडकला होता. आता आवळून बसलेली कडी सर्जनने कापली आहे आणि आतड्याचा वेढा मोकळा होऊन हातात आला आहे. रंग पिकल्या जांभळाचा. ठेवायचा की कापायचा?

आतडं काळंठिक्कर किंवा हिरवट, लिबलिबीत आणि वास मारणारं असेल तर प्रश्नच नसतो. अडचण जांभळ्याची आहे. आवळ बसते तेव्हा आधी शिरा दाबल्या जातात, कारण त्यांच्या भिंती पातळ. धमनीतून रक्त येतच राहतं, परतीची वाट मात्र बंद. म्हणून आतडं सुजतं, रक्ताने तुंबतं. तुंबलेलं म्हणजे मेलेलंच, असं नव्हे.

म्हणून पहिलं काम थांबण्याचं. कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या मॉपात वेढा गुंडाळायचा, भूलतज्ज्ञाला शंभर टक्के ऑक्सिजन द्यायला सांगायचं आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. नवख्या सर्जनला हे फार जड जातं. सारखा मॉप उचलून बघावासा वाटतो.

मग मॉप काढून पाहायचं: गुलाबीपणा परतलाय का, वरच्या आवरणाला ओली चकाकी आहे का, बोटाने टिचकी मारली की स्नायू आकसून लाट पुढे सरकते का, आतड्याला रक्त पोचवणाऱ्या पडद्यातली धमनी बोटाखाली उडते का. कडी जिथे रुतली होती, तिथले दोन वळ जास्त बारकाईने तपासावे लागतात. मधला वेढा सावरला तरी वळाच्या जागी आतडं नंतर फुटू शकतं.

एवढं करूनही डोळा फसतो. रक्त तुटलं की सर्वांत आधी मरतं ते आतलं अस्तर. स्नायू बराच वेळ तग धरतो. बाहेरून हलणारं आतडं आतून सोललेलं असू शकतं. उलटही होतं. 1981 साली जॉन्स हॉपकिन्सच्या बल्कली आणि सहकाऱ्यांनी 28 रुग्णांमधल्या आतड्याच्या 71 भागांवर नुसती नजर, डॉप्लर (रक्तप्रवाह टिपणारं यंत्र) आणि फ्लुरोसीन हे रंगद्रव्य यांची तुलना केली. फ्लुरोसीन शिरेतून देऊन ओटीतले दिवे मालवायचे आणि अतिनील प्रकाशात पाहायचं. रक्त पोचलेला भाग पिवळसर हिरवा चमकतो. त्या तुलनेत फ्लुरोसीनच सर्वांत अचूक ठरलं. नुसत्या नजरेवर विसंबलं असतं तर बरंच जिवंत आतडंही कापलं गेलं असतं. हल्ली इंडोसायनीन ग्रीन आणि इन्फ्रारेड कॅमेरा वापरतात. पण तो कॅमेरा दाखवतो ते रक्त कुठवर पोचलं एवढंच. पेशी जगतील का, हे तो सांगत नाही.

मग संशयाचं सगळंच कापून का टाकू नये? वीतभर वेढा असेल तर खुशाल कापावा, माझं मत तेच आहे. पण आतड्याच्या मुख्य धमनीत हृदयाकडून आलेली गुठळी अडकली, तर मीटरच्या मीटर आतडं संशयात सापडतं. मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर. त्यातलं दोन मीटरपेक्षा कमी उरलं तर अन्न पचूनही अंगी लागत नाही. काहींना पोषण कायमचं शिरेतूनच घ्यावं लागतं.

अशा वेळी आधी गुठळी काढतात, उघड मेलेला भाग तेवढा कापतात, टोकं स्टेपलरने बंद करतात आणि पोट तात्पुरतं झाकून रुग्णाला आयसीयूत नेतात. 24 ते 48 तासांनी पुन्हा पाहायचं. तोवर जगणारं आणि मरणारं यांची सीमा बहुधा स्पष्ट झालेली असते. हा दुसरा फेरा पहिल्याच ऑपरेशनमध्ये ठरवायचा असतो. ‘तब्येत सुधारतेय, आता कशाला उघडायचं?’ असं दुसऱ्या दिवशी सर्जनलाही वाटू शकतं, पण आतला काळा तुकडा सुरुवातीला गप्पच असतो. नातेवाइकांनाही तेव्हाच बाहेर येऊन सांगावं: परवा पुन्हा आत न्यायचंय, आणि पहिलं ऑपरेशन बिघडलं म्हणून नव्हे.