वाढ मोजावी कशी?

जून-जुलैत मालवणच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौका ओढून ठेवलेल्या असतात. मासेमारीला बंदी, म्हणून बर्फाच्या कारखान्याची विक्रीही मंदावते. ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात गेल्या की ती एकदम चढते. अशा वेळी ऑगस्टची तुलना जुलैशी करून 'धंदा कैक पटींनी वाढला' असे कोणी सांगितले, तर दांडीवरचे पोरही हसेल. तुलना गेल्या वर्षीच्या ऑगस्टशीच हवी. परंतु अशीच सोयीची तुलना एखाद्या कंपनीने छापून दिली, की शिकलेली माणसेही माना डोलावतात.

उलाढाल म्हणजे विक्रीतून मिळालेली एकूण रक्कम. खर्च वजा जाता उरतो तो नफा. उलाढालीची वाढ कशी मोजतात, ते एका उदाहरणाने पाहू.

आपला सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याच वर्षी जुलैत पुण्यात सात अभियंत्यांनी इन्फोसिस ही कंपनी काढली. पुढे तिचे मुख्यालय बंगळूरला गेले. २००३-०४ साली तिची उलाढाल सुमारे १०६ कोटी डॉलर होती. २००७-०८ साली ती ४१८ कोटी झाली. चार वर्षांतली ही वाढ २९४ टक्के. तिला चाराने भागून 'दरसाल ७३ टक्के' म्हणावे काय? नाही. त्या दराने १०६ चे साडेनऊशे कोटी झाले असते! कारण वाढीवरही वाढ होते, बँकेतल्या चक्रवाढ व्याजाप्रमाणे. खरा दर सुमारे ४१ टक्के: १०६, १४९, २११, २९७, ४१९. हिशेब जुळला.

मग २००८ चे जागतिक आर्थिक संकट आले. २००९-१० ची उलाढाल ४८० कोटी डॉलर, म्हणजे या दोन वर्षांत दरसाल अवघे ७ टक्के. सहाही वर्षे एकत्र धरली, तर दर २८ ते २९ टक्के येतो. गंमत अशी, की याच दोन वर्षांत रुपयांतली उलाढाल १६,६९२ कोटींवरून २२,७४२ कोटींवर गेली. म्हणजे दरसाल सुमारे १७ टक्के! दरम्यान डॉलर महागला होता, हे त्याचे मुख्य कारण.

४१, ७, २८, १७ हे चारही आकडे खरे आहेत. खोटे काही न सांगताही माणसाला फसवता येते, ते असे.

आंबा-काजूच्या उत्पन्नातून आईवडिलांनी राखलेली शिल्लक उद्या आपल्यापैकीच कोणीतरी शेअरांत गुंतवील. तेव्हा वाढीचा आकडा ऐकताच चार प्रश्न विचारावेत: कोणत्या वर्षापासून? कोणत्या वर्षापर्यंत? कोणत्या चलनात? आणि महागाई वजा केल्यावर उरते किती? उत्तरे मिळेपर्यंत पैसे गाठीला असू द्यावेत.