अण्णांची हिंगण्याची वाट

१९०० साली पुण्याहून हिंगण्याला जायला धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात तर पायवाटही चिखलात जायची. फर्ग्युसन कॉलेजात दिवसभर गणित शिकवून धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, त्या वाटेने चालत निघायचे. गावाबाहेरच्या माळावर विधवांसाठीचा त्यांचा आश्रम नुकताच हलला होता. आश्रमाला लागणारं सामानसुमान अण्णा स्वतः वाहून न्यायचे, तिथे पोचल्यावर शिकवायचे आणि सकाळी पुन्हा कॉलेज गाठायचे. तेव्हा त्यांचं वय ४२ होतं.

तेच हिंगणे आज कर्वेनगर आहे आणि मी तिथे राहते. शाळेत गणित शिकवते, आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायकांचा वर्ग संध्याकाळी घेते. "बाई, अंगात त्राणच उरत नाही हो," हे वाक्य त्या वर्गात नेहमी कानावर पडतं. म्हणून अण्णांच्या आयुष्याकडे मी एकच प्रश्न घेऊन बघते: हा माणूस एवढं बळ आणायचा कुठून?

त्यांचं 'आत्मवृत्त' वाचलं की उत्तर सापडतं. ते काही पहिलवान नव्हते. स्वभावाने भिडस्त होते. आपली शक्ती कुठे झिरपून जाते एवढं त्यांनी ओळखलं आणि ती गळती बुजवली.

पहिली गळती मनाची. १८७५ साली, सतराव्या वर्षी, ते सोबत्यांबरोबर परीक्षेसाठी कोकणातल्या मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. भर पावसात कुंभार्ली घाट चढून ही मंडळी चौथ्या दिवशी पोचली. तिथे वय कमी दिसतं म्हणून अण्णांना परीक्षेला बसूच दिलं नाही. असा प्रसंग माणूस जन्मभर उगाळत बसू शकतो. अण्णा घरी परतले, पुन्हा परीक्षेला बसले, १८८१ मध्ये मॅट्रिक आणि १८८४ मध्ये बी.ए. झाले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं तेव्हा मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. तरी प्रत्येक टीकाकाराला उत्तर देत बसणं त्यांनी टाळलं. अपमानाची उजळणी करण्यात जेवढी ताकद जाते, तेवढ्यात एक धडा शिकवून होतो.

दुसरी गळती द्विधेची, आणि मला ती सगळ्यांत मोठी वाटते. काम माणसाला थकवतंच, पण त्याहून जास्त थकवते रोजची घालमेल: करू की नको, आज की उद्या, लोक काय म्हणतील. आपल्याला काय मोलाचं वाटतं हे एकदा पक्कं झालं की ही घालमेल संपते. स्वतः पुनर्विवाह केलेल्या अण्णांनी आश्रम मात्र पुनर्विवाहाच्या प्रचारापासून वेगळा ठेवला. शिकून मुलींनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, हे तिथलं काम. विश्वासाने मुली पाठवल्या जाव्यात, म्हणून आपल्याच जिव्हाळ्याच्या दुसऱ्या विषयाला त्यांनी आवर घातला. काय करायचं हे ठरलं तेव्हाच काय करायचं नाही हेही ठरलं होतं. हिंगण्याला जायचं की नाही, याचा विचार मग रोज करावा लागत नव्हता.

तिसरी गोष्ट चिकाटी. अण्णांचं काम तुकड्यातुकड्याने वाढलं. १८९६ मध्ये विधवांच्या आश्रमाची, म्हणजे अनाथ बालिकाश्रमाची, संस्था, १९०७ मध्ये महिला विद्यालय, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. विद्यापीठाला उद्योगपती ठाकरसींची १५ लाखांची देणगी मिळाली ती १९२० मध्ये, अण्णांच्या बासष्टीत. खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी १९३६ मध्ये नवी संस्था काढली तेव्हा ते ७८ वर्षांचे होते.

हे सगळं एकट्याच्या बळावर झालं नाही. संसाराची ओढाताण गोदूबाईंनी, म्हणजे बाया कर्व्यांनी, सोसली, आणि त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. एकाच्या ध्यासाचा भार घरातल्या कुणाच्या तरी खांद्यावर असतो. ध्येय ठरवताना त्या खांद्यांचाही विचार हवा, त्यांनाही विसावा मिळायला हवा.

हे थोरामोठ्यांपुरतंच खरं आहे असं मी मानत नाही. माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी चार घरच्या पोळ्या करून येते. सतरंजीवर भिंतीला टेकून बसते, बोटांच्या पेरांना कणीक चिकटलेली असते. वहीच्या पहिल्या पानावर तिने एकच ओळ लिहिली आहे: मुलीच्या फॉर्मवर 'आईचे शिक्षण: दहावी'. सासरचे "आता कशाला?" म्हणतात, त्यावर ती वाद घालत नाही. बरा दिवस असेल तर तीन गणितं, वाईट दिवस असेल तर एक. ते एक गणित मात्र ती टाळत नाही. लघुत्तम साधारण विभाज्य काढताना तिचे डोळे मिटायला लागतात. मग ती उठते, तोंडावर पाणी मारते, उरलेली पायरी लिहिते आणि खाली रेघ ओढते.

आज झोपण्याआधी तुम्हीही कागदावर तीन गोष्टी लिहा. मला खरोखर काय हवंय? त्यासाठी उद्यापासून काय सोडणार? आणि सगळ्यांत वाईट दिवशीही होईल असा त्या कामाचा लहानात लहान तुकडा कोणता? अंगात ताप असेल, दुखणं असेल तर आधी डॉक्टर आणि झोप. निर्धाराने आजार बरा होत नाही. पण शरीर धडधाकट असून दिवस हातातून निसटत असेल, तर ताकद कमी आहे म्हणून मोठं काम टाकू नका. किरकोळ कामं टाका, मोठ्याला ताकद पुरेल.