तोळ्याची गोळी

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आणि घोडबंदरच्या खाडीपासून पवईच्या बांधापर्यंत पसरलेल्या साष्टीच्या रानात दोनअडीच किलोंचा ससा, तीनचार किलोंची पिसोरी, वीसपंचवीस किलोंचे भेकर, ऐंशी किलोंच्या आसपास भरणारा चितळाचा नर आणि दोनशे किलोंच्याही वर जाणारे सांबर ही सारी जनावरे एकाच कारवीच्या जाळीत आणि त्याच पाणवठ्यांच्या आधाराने नांदत आली आहेत; आणि म्हणूनच, ज्या काळी या रानात बंदूक घेऊन शिरण्यास कायद्याची आडकाठी नव्हती त्या काळी शिकाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राही तो नेमबाजीचा नव्हे, तर त्याच्याही आधीचा, बंदुकीच्या निवडीचा असे. नळीचे तोंड केवढे असावे? सशाला पुरून उरेल पण त्याच्या चिंधड्या उडवणार नाही, आणि सांबराला जागच्या जागी आडवे करील, जखमी होऊन दरीत उतरू देणार नाही, अशी एकच नळी संभवते काय? या प्रश्नाकडे शौकिनांची हौस म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. माझ्या मते तो मूलतः सदसद्विवेकाचा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर चुकले तर त्याची किंमत शिकारी मोजत नाही, जनावर मोजते.

येथे विचार मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचा आहे; ती आज ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची रीत सांगणे अवश्य आहे. तिला मागून उघडण्याची सोय नाही. जे काही भरावयाचे ते तोंडातूनच. आधी मापाने दारू ओतावयाची, तिच्यावर चिंधीचा अथवा काथ्याचा बोळा गजाने ठासून बसवावयाचा, मग गोळी किंवा छर्रे सोडावयाचे आणि ते घरंगळू नयेत म्हणून वर पुन्हा एक बोळा. शेवटी घोडा मागे ओढून नळीच्या बुडाशी असलेल्या बोंडीवर तांब्याची टोपी चढविली की बंदूक तयार. त्यापूर्वीच्या तोड्याच्या बंदुकीत हेच काम रंजक आणि जळती जामगी करीत असत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी अशा जुन्या बंदुका पाहताना त्यांच्या दस्त्यावरील नक्षीत रमण्याआधी वाचकाने नळीच्या तोंडात डोकावून पाहावे, असे मी सुचवीन. कारीगराने ती बंदूक कोणत्या कामासाठी घडविली हे तेथे कळते.

हे तोंड मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एक इंचाच्या शतांशाची, जिला कॅलिबर म्हणतात. दुसरी जुनी, बोअरची: एक पौंड शिशाच्या त्या नळीत नेमक्या बसणाऱ्या जितक्या सारख्या गोळ्या होतील, तो तिचा बोअर. म्हणून १२ बोअरची नळी २० बोअरपेक्षा मोठी. परंतु आपल्याकडे शिसे आणि दारू ज्या मापाने तोलली जात ते माप तोळ्यामाशांचे (बारा मासे म्हणजे एक तोळा) होते, आणि त्या मापाने हिशेब मांडला की सारे चित्र लख्ख होते. कंपनी सरकारने १८३३ साली तोळा १८० ग्रेनांचा ठरविला. त्या तोळ्याची शुद्ध शिशाची वाटोळी गोळी ओतली तर तिचा व्यास साडेबारा मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या अर्ध्याला किंचित कमी, भरतो; तिच्याभोवती तेलकट कापडाची चकती गुंडाळली की ती ०.५० कॅलिबरच्या आट्यांच्या, म्हणजे आतून पिळदार खाचा पाडलेल्या, नळीत घट्ट बसते. अमेरिकेतील ठासणीच्या शिकाऱ्यांनी हरणासाठी ज्या कॅलिबरला पसंती दिली, त्याची गोळी अशा रीतीने आपल्या एका तोळ्याची निघते. खाली यावे तर ०.४५ कॅलिबरची गोळी साडेआठ माशांची, ०.३६ ची सव्वाचार माशांहून किंचित जास्त, आणि ०.३२ ची अवघी तीन माशांची; वर जावे तर ०.५४ ची सव्वा तोळ्याची, २० बोअरची जवळजवळ दोन तोळ्यांची आणि १२ बोअरची सव्वातीन तोळ्यांची.

या उतरंडीत एक भूमितीचा नियम दडलेला आहे. गोळीचा व्यास दुप्पट केला तर तिच्या पुढच्या बाजूचे, म्हणजे हवेला आडवे येणारे क्षेत्रफळ चौपट होते, परंतु वजन आठपट होते. सबब मोठी गोळी हवेचा विरोध अधिक सुलभतेने कापते आणि आपला वेग दूरवर राखते, तर लहान वाटोळी गोळी नळीतून कितीही त्वेषाने निघाली तरी अल्पावधीत दमते. लांबट टोकदार गोळीला वजन वाढविण्यासाठी लांबीची सोय असते. वाटोळ्या गोळीला वजन हवे तर व्यासच वाढवावा लागतो. ठासणीच्या बाबतीत कॅलिबरची निवड म्हणजे बव्हंशी सारीच निवड, ती यामुळे.

हे तत्त्व ज्या ग्रंथाने साधार मांडले त्याच्या कर्त्याची हयात आपल्याच मुलखाच्या सीमेवर गेली, ही गोष्ट मराठी वाचकांस फारशी ठाऊक नाही. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा बंगाल स्टाफ कोअरचा अधिकारी. १८६१ साली नागपूर राजधानी करून मध्य प्रांत अस्तित्वात आला, तेव्हा त्या प्रांताच्या रानांची पाहणी करण्याच्या कामावर नेमला गेलेला आणि पुढे निमाडात जमाबंदीचे काम पाहिलेला. सातपुड्याच्या रानांवरचे त्याचे पुस्तक १८७१ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, निघाले. पण त्याआधी १८६३ साली त्याने शिकारी रायफलीवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्या वेळी एन्फील्डच्या ०.५७७ इंची लष्करी रायफलीचा आणि तिच्या जवळजवळ तीन तोळ्यांच्या लांबट गोळीचा बोलबाला होता. फॉर्सिथने प्रवाहाविरुद्ध जाऊन प्रतिपादले की रानात सावज अकस्मात आणि अज्ञात अंतरावर उभे राहते. लांबट जड गोळी मंद गतीने व उंच कमान घेऊन जाते, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी सावजाच्या वरून किंवा खालून निघून जाते. याउलट मोठ्या तोंडाच्या नळीत, आट्यांचा पीळ अगदी सावकाश ठेवून, वाटोळ्या गोळीमागे दारूचा भरपूर बार दिला तर ती शिकारीच्या नेहमीच्या अंतरापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि तिचा आघातही जबर होतो. त्याची पसंती १४ बोअरला, म्हणजे पावणेतीन तोळ्यांच्या गोळीला होती. मात्र त्याच्या डोळ्यांसमोर गवा, वाघ आणि सांबर होते, ससा नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

लहान सावजाचे शास्त्र निराळे, आणि ते अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात जर्मन कारीगरांनी घडविलेल्या लांब नळ्यांच्या परंपरेत परिणतीस गेले. तेथे खारीसाठी ०.३२ ची नळी योग्य समजली जाते. पौंडभर शिशात तिच्या दीडशेहून अधिक गोळ्या होतात, तर ०.५४ च्या जेमतेम एकतीस. शिवाय तीन माशांची गोळी मांस नासवीत नाही. त्याच देशात कोलोरॅडो राज्याचा नियम ठासणीने हरीण मारण्यास किमान ०.४० आणि सांबराच्या तोडीच्या एल्कसाठी किमान ०.५० कॅलिबर मागतो. माझाही निर्णय याहून फार दूरचा नाही: सशाला आणि रानकोंबड्याला ०.३२ ते ०.३६, भेकराला ०.४५, चितळाला तोळ्याची गोळी, सांबराला सव्वा तोळ्याच्या खाली नाही, आणि तीही साठसत्तर पावलांच्या आत.

परंतु आमच्या कोकणात हा हिशेब कागदावरच राहिला, आणि त्याचे कारण शास्त्रात नसून राज्यकारभारात आहे. १८५७ नंतर इंग्रज सरकारने आट्यांची एन्फील्ड गोऱ्या पलटणींकडे ठेवली आणि देशी शिपायांना त्याच बांध्याची, पण ०.६५६ इंच तोंडाची गुळगुळीत नळी दिली, जेणेकरून तिचा नेम दूरवर लागू नये. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने रयतेचे शस्त्र परवान्याच्या अधीन केले. स्वराज्यातल्या १९५९ च्या कायद्यानेही तीच विभागणी वेगळ्या हेतूने चालविली: शेतीच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षण वा शिकार यांसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील शेतकऱ्याच्या घरी खुंटीवर दिसणारी ठासणी ही या कलमाची संतती होय.

गुळगुळीत नळीचा एक मोठा गुण आहे आणि त्याच गुणात तिचा दोष आहे. तिच्यात छर्रे भरले की ती सशाची, एक गोळी भरली की ती हरणाची. आट्यांची नळी छर्रे असे विखरून टाकते की सावज त्यांतून सुटते. म्हणून एकच बंदूक पाळणाऱ्या माणसाला २० किंवा २४ बोअरची गुळगुळीत नळी हीच खरी सोयीची, हे मी निःशंक मान्य करतो. परंतु हाक्याच्या वेळी, म्हणजे रान उठवून सावज शिकाऱ्याकडे हाकताना, काय होते? सशासाठी छर्रे भरून माणूस मोक्याच्या जागी बसलेला असतो, आणि कारवी फोडून समोर येते ते सांबर. ठासणीतील भरलेला बार झटकन बदलता येत नाही. काडतुसाच्या बंदुकीसारखी ती मोडून दुसरे काडतूस घालण्याची सोय नाही. अशा क्षणी चाप न ओढणारा तो शिकारी. ज्याने ओढला त्याचे छर्रे कातडीखाली रुतून बसतात, जनावर निघून जाते, जखमेत किडे पडतात आणि आठवड्याने दरीतून दुर्गंधी येते. दोष बोअरचा नव्हे, भरणाऱ्याचा. पण नळी जितकी सर्वसंग्राहक, तितका हा मोह मोठा.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ १७ व्या कलमात मोठ्या सावजाची शिकार रायफलीनेच करावी, आणि परवान्यात तशी खास मुभा असेल तरच छर्ऱ्यांच्या बंदुकीतून, तीही एकेरी गोळीने करावी, असा दंडक होता. शिकारीसंबंधी आपल्याकडे झालेल्या विधींपैकी इतका मर्मज्ञ विधी मला दुसरा आढळलेला नाही. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच रद्द झाले, त्याबरोबर हे कलमही गळाले. आता ११ व्या कलमाखाली, उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या काही जनावरांबाबत अधिकाऱ्याने लेखी आदेश दिला तरच बार काढता येतो. आणि अशा आदेशाने रानडुक्कर मारावयाचे ठरले तरी गोळीच्या वजनाचा नियम बदलत नाही. शंभर किलोंच्या डुकराला छर्रे घालणे हे शेतीचे संरक्षण नव्हे.

साष्टीकडे पुन्हा वळू. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली तेव्हा तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते, आणि तिच्या नियतकालिकाचे आरंभीचे खंड शिकाऱ्यांच्या टिपणांनी समृद्ध आहेत. जनावराचे वजन, शिंगांची लांबी आणि गोळी कोठे लागली हे हे लोक लिहून ठेवीत, म्हणूनच त्या नोंदी आज प्राणिशास्त्रज्ञांना उपयोगी पडतात. सालिम अलींचा पक्षिशास्त्रातील प्रवेशही १९०८ साली लहान हवाई बंदुकीने टिपलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाला. घाटकोपरच्या पलीकडले चेंबूर तेव्हा त्यांच्या कुटुंबाचे सुट्टीचे रान होते. १९२९ पर्यंत विहार तलावाच्या परिसरात वाघ मारला गेल्याची नोंद सापडते. आज तेच रान १०३ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तेथील चितळावर बिबट्याचा हक्क आहे.

उपनगरवासीयांस एक व्यावहारिक गोष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानाधारकाने वनखात्याकडे नोंदणी करावयाची असते, आणि त्या टापूत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून नवा परवाना मिळत नाही; हे कलम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. बोरिवली आणि मुलुंड तर उद्यानाला लागूनच आहेत. अंधेरीचा पूर्व भाग आणि घाटकोपर हेही या दहा किलोमीटरांत येतात. कोकणातून येथे स्थायिक झालेल्या कित्येक घरांत आजोबांची ठासणी माळ्यावर किंवा गावच्या घरी खुंटीवर असेल. परवानाधारक वारला असेल तर १९५९ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पण जमा करण्याआधी घरातील वडीलधाऱ्या माणसाला विचारून घ्या की ती किती बोअरची, तिच्यात किती माशांची गोळी घालीत आणि ती कोणत्या जनावरासाठी राखलेली होती, आणि ते उत्तर कागदावर उतरवा. ही माहिती असलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.